एक गृहिणी, सात भाषा

दैनंदिन मालिकेचा भाग संपल्यावर घरात जे बोलणे चालते त्याला समीक्षा म्हणण्याची आपल्याकडे प्रथा नाही. वस्तुतः त्या बोलण्याचा विषय समीक्षेचाच असतो. तिने असे का केले, त्याच्या मनात नेमके काय आहे, सासू आता सुनेची बाजू घेते ती मायेपोटी की मुलगा हातचा गेला म्हणून, हे सारे प्रश्न पात्रांच्या हेतूंविषयीचे आहेत आणि कादंबरीच्या अभ्यासकाला ते परके वाटण्याचे काही कारण नाही. फरक एवढाच की कादंबरीचा वाचक ते पुस्तक मिटल्यावर विचारतो, तर मालिकेचा प्रेक्षक पुढचे भाग लिहून व्हायचे असतानाच विचारतो. ज्या हेतूचा तो शोध घेत असतो, तो हेतू कित्येकदा लेखकानेही अद्याप ठरविलेला नसतो. या एका गोष्टीमुळे मालिकेतील पात्रांचा अर्थ लावण्याचे काम निराळ्या जातीचे होऊन बसते.

या दृष्टीने तपासून पाहावे असे एक उदाहरण अलीकडच्या काळात भारतीय भाषांसमोर आले. २०१९ मध्ये ‘स्टार जलसा’ या बंगाली वाहिनीवर लीना गंगोपाध्याय यांची ‘श्रीमयी’ ही मालिका सुरू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस ती मराठीत ‘आई कुठे काय करते!’ या नावाने आली, २०२० मध्ये हिंदीत ‘अनुपमा’ झाली, आणि तेलुगू, तमिळ, मल्याळम व कन्नड या भाषांतही तिची रूपे झाली. कथेचा सांगाडा सर्वत्र ओळखू येईल इतका सारखा आहे. घरासाठी राबणारी मध्यमवयीन गृहिणी, तिला गृहीत धरणारा नवरा, त्याचे दुसऱ्या एका नोकरदार स्त्रीशी असलेले जुने संबंध, त्या संबंधांचा उलगडा, विभक्त होणे, आणि त्यानंतर त्या गृहिणीने उभारलेले स्वतःचे आयुष्य. बंगाली, मराठी व हिंदी या तिन्ही रूपांत थोरला मुलगा बापाच्या वळणाचा आणि धाकटा आईच्या बाजूचा आहे. मुद्रित साहित्यात मूळ ग्रंथ पुरा होतो आणि मग त्याची भाषांतरे होतात. येथे मूळ कथा पुढे सरकत असतानाच तिची रूपांतरे चालू होती. इतकेच नव्हे, तर ‘श्रीमयी’ २०२१ च्या अखेरीस संपली, तरी मराठी मालिका २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत चालली आणि हिंदी त्याहूनही पुढे गेली. म्हणजे एका टप्प्यानंतर रूपांतरांना मूळच उरले नाही. पात्रे तीच होती, पण त्यांच्या पुढच्या कृत्यांची कारणे प्रत्येक भाषेला आपापल्या घरातून शोधून आणावी लागली.

ही कारणे शोधण्याची रीत प्रत्येक भाषेत निराळी असणार, याची चाहूल नावांतूनच लागते. बंगालीत व हिंदीत मालिकेला नायिकेचेच नाव आहे. तमिळमध्ये ती ‘बाक्यलक्ष्मी’ म्हणजे भाग्यलक्ष्मी, तेलुगूत ‘इंटिंटि गृहलक्ष्मी’ म्हणजे घरोघरची गृहलक्ष्मी, तर मल्याळममध्ये ‘कुटुंबविळक्कु’ म्हणजे कुटुंबाचा दिवा. दिव्याला हेतू नसतो. तो तेवतो, आणि विझला म्हणजे त्याची आठवण होते. कन्नडमधील ‘इंति निम्म आशा’ हे नाव सर्वांत हृद्य वाटते. ती पत्राखालची सही आहे. सगळे सांगून झाल्यावर ‘आपली आशा’ असे लिहून कोणी लेखणी खाली ठेवावी, तसे ते नाव आहे. मराठी नाव मात्र नायिकेचे नव्हे, दुसऱ्यांच्या तोंडचे आहे. ‘आई कुठे काय करते’ यातील ‘कुठे’ला स्थळाशी काही कर्तव्य नाही. मराठीत असा ‘कुठे’ नकाराचे काम करतो. मला कुठे वेळ आहे म्हणजे मला वेळ नाही. तेव्हा शीर्षकाचा सरळ अर्थ आई काहीच करत नाही असा होतो, आणि त्याच्या पुढचे चिन्हही प्रश्नाचे नसून उद्गाराचे आहे. ज्या स्त्रीच्या करण्याचीच दखल नाही, तिच्या करण्यामागच्या हेतूची चौकशी कोण करणार? मालिकेचे सारे सामर्थ्य या तीन-चार शब्दांत साठविलेले आहे आणि पुढे हजाराहून अधिक भागांत ते कधी वाढले, कधी पातळ झाले.

कथा नवी नाही, हे तर उघडच आहे. १८७२ मध्ये बंकिमचंद्रांच्या ‘बंगदर्शन’ मासिकातून ‘विषवृक्ष’ क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा बंगाली वाचकासमोर हाच पेच होता. नगेंद्राचे मन कुंदनंदिनीवर जडले आहे हे ओळखून सूर्यमुखी स्वतः पुढाकार घेऊन त्या दोघांचे लग्न लावते, आणि मग घर सोडून निघून जाते. तिने लग्न लावले ते त्यागाने की अभिमानाने, आणि मग गेली ती कशाने, हा प्रश्न पुढच्या अंकाची वाट पाहत विचारणारे वाचक तेव्हाही असलेच पाहिजेत. मराठीत हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’मधून अशीच तुकड्यातुकड्यांनी वाचली गेली. रवींद्रनाथांच्या ‘स्त्रीर पत्र’ या १९१४ च्या कथेत मृणाल पंधरा वर्षांच्या संसारानंतर पतीला पत्र लिहिते आणि आपण परत का येणार नाही हे स्वतःच सांगते. तिच्या जाण्याचे कारण नवऱ्याचा कोणताही मोठा अपराध नसून बिंदू नावाच्या एका पोरक्या मुलीचे त्या घराने व समाजाने केलेले हाल हे आहे. हेतू इतका निर्विवाद सांगणारी नायिका भारतीय कथेत क्वचितच भेटते. मालिकेतील गृहिणीला असे एक पत्र लिहून मोकळे होण्याची सोय नाही. तिला आज सांगितलेले कारण उद्या निभवावे लागते.

येथे दिल्लीतील एका घराचा दाखला द्यावासा वाटतो. चित्तरंजन पार्क या बंगाली वस्तीत एक मराठी दांपत्य राहते. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्या शेजारणीने ‘श्रीमयी’ आधीपासून पाहिलेली, त्यामुळे मराठी मालिकेत पुढे काय घडणार हे बाईंना बहुधा जिन्यातच कळत असे. कथा अगोदर कळल्याने त्यांची गोडी काही कमी झाली नाही, कारण घडणार काय हे ठाऊक असले तरी ते का घडले यावर दोघींचे एकमत कधीच झाले नाही. दोघींचे बोलणे हिंदीतून चाले. श्रीमयीने संसार सोडला तो ‘अभिमाना’ने, असे शेजारीण सांगे. बाई मान डोलावीत, कारण अरुंधतीविषयी त्यांचे तेच मत होते. ती बाणेदार झाली, तिने मान सांभाळला. एका मनाने बोलत असलेल्या या दोघी एकमेकींच्या अगदी विरुद्ध बोलत आहेत हे ध्यानात यायला काही आठवडे जावे लागले. बंगाली ‘अभिमान’ म्हणजे गर्वही नव्हे आणि स्वाभिमानही नव्हे. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याकडून दुखावल्यावर मनात जे दाटते, जे बोलून दाखवायचे नसते आणि ज्याची समजूत दुसऱ्याने काढावी अशी अपेक्षा असते, त्याचे ते नाव आहे. मराठीत ‘रुसवा’ हा शब्द त्याच्या जवळपास जातो, पण त्यात थोडे पोरपण आहे.

शब्द एकच, पण त्याने पात्राचे सारे अंतरंग पालटते. ‘अभिमाना’ने गेलेली स्त्री दार ओढून घेते, कडी लावत नाही. स्वाभिमानाने गेलेल्या स्त्रीने कडी लावलेली असते. पुढे नवरा पश्चात्ताप घेऊन आला की पहिल्या अर्थाने तो उशिरा आलेला ठरतो आणि दुसऱ्या अर्थाने चुकीच्या घरी आलेला. प्रसंगाची आखणी, संवादाचा ओघ, अश्रू हे सर्व दोन्ही भाषांत सारखे ठेवले, तरी पाहणाऱ्याच्या भाषेत जो शब्द तयार असतो त्या शब्दाच्या साच्यात हेतू ओतला जातो. आपल्याकडे भाषांतरविचारात शब्दांच्या अर्थच्छटांची चर्चा पुष्कळ झाली, परंतु एखाद्या भाषेजवळ कोणत्या हेतूंची नावे आहेत आणि कोणत्यांची नाहीत, अशी यादी करण्याचे काम मालिकांनी आपल्यासमोर नकळत मांडून ठेवले आहे. त्या शिक्षिका बाईंनी मात्र हा वाद एका संध्याकाळी आपल्या परीने मिटविला. त्या म्हणाल्या, “ती पंचवीस वर्षं राहिली ती रुसून नव्हे आणि मान सांभाळूनही नव्हे. राहायचं आहे का, असं तिला कुणी विचारलंच नाही.” शेजारी बसलेल्या त्यांच्या यजमानांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि ते काही बोलले नाहीत.

हेतू मागाहून येतो हे म्हणणे संजनाच्या व्यक्तिरेखेइतके दुसरीकडे कोठे स्पष्ट होत नाही. आरंभी ती घरात ये-जा करणारी, अरुंधतीशी गोड बोलणारी आणि तिच्या नवऱ्याला, अनिरुद्धला, तिच्यापासून तोडणारी स्त्री आहे. तिला स्वतःचा नवरा आहे, मुलगा आहे. अशा पात्राचा हेतू प्रेक्षक एका शब्दात सांगतो, आणि तो शब्द फारसा सभ्य नसतो. मग अनिरुद्धशी तिचे लग्न होते आणि ती त्या घरात अरुंधतीच्या जागी येऊन उभी राहते. येथून पुढे जे घडले ते कोणा एका लेखकाने आधी योजले असेल वा नसेल, परंतु त्या जागेनेच ते घडविले असे वाटत राहते. गृहीत धरले जाणे, नवऱ्याचे लक्ष दुसरीकडे असणे, सासूच्या बोलण्यात सतत पहिलीशी तुलना होणे, हे सर्व आता संजनाच्या वाट्याला येते. जो प्रेक्षक तिला शिव्या घालीत होता तोच तिच्याविषयी हळहळू लागतो आणि मागच्या शेकडो भागांतील तिच्या कृत्यांना नवी कारणे पुरवू लागतो. तिलाही आधाराचे घर हवे होते, तिनेही या माणसाची वर्षानुवर्षे वाट पाहिली होती. कृत्ये बदलली नाहीत, त्यांच्यामागचे हेतू बदलले. हिंदीतील काव्याचेही पुष्कळसे असेच झाले. कादंबरीत हा उलटफेर लेखक मागे जाऊन पेरून ठेवू शकतो. मालिकेत प्रक्षेपित झालेला भाग पुसता येत नाही, म्हणून पेरण्याचे काम प्रेक्षकाकडे येते. तो ते आनंदाने करतो. किंबहुना मालिका पाहण्यातील बौद्धिक आनंद म्हणून जो काही आहे तो बहुशः हाच असावा.

यात आणखी एक गंमत घडली. मराठीत संजनाची भूमिका प्रथम दीपाली पानसरे करीत होत्या, पुढे २०२० मध्ये ती रूपाली भोसले यांच्याकडे आली. पात्राचा चेहरा पालटला, आवाज पालटला, चालण्याची ढब पालटली, आणि तरीही प्रेक्षकांनी जुन्या चेहऱ्याचे हेतू थोड्या दिवसांत नव्या चेहऱ्याच्या नावे चढविले. पात्र म्हणजे मनुष्य नव्हे, ती नात्यांच्या जाळ्यातील एक जागा आहे, हे साहित्यशास्त्राला पुष्कळ शब्द खर्चून सांगावे लागते. घरोघरच्या प्रेक्षकांनी ते कसलाही गाजावाजा न करता मान्य केले.

चेहऱ्यांचा विषय निघाला आहे तर मालिकेच्या चित्रणाविषयीही थोडे बोलणे प्राप्त आहे. कोणी एक जड वाक्य उच्चारते आणि कॅमेरा घरातील प्रत्येकाच्या चेहऱ्यावरून फिरतो. सासू, सासरे, दीर, मुले, दारात उभी असलेली मोलकरीण. अभिरुचीसंपन्न मंडळी या तंत्राची टिंगल करतात, आणि त्यातला वेळकाढूपणा नाकारण्यात अर्थ नाही. पण भरताच्या परिभाषेत पाहिले तर हा प्रकार विचार करण्याजोगा आहे. विभाव एक, आणि त्याचे अनुभाव दहा चेहऱ्यांवर दहा प्रकारचे. यांपैकी कोणाच्या मनातला भाव कोणता हे शब्दांत सांगितले जात नाही, कारण संवाद त्या क्षणी थांबलेला असतो. प्रेक्षकाला एका वाक्यावरून सबंध कुटुंबाचा हिशेब मांडण्यास दिलेला तो अवकाश असतो. मोलकरणीच्या चेहऱ्यावर सर्वांत नेमके ज्ञान दिसावे, ही जुन्या नाटकांतली खूणही तेथे अधूनमधून भेटते.

नात्यांच्या संबोधनांत तर हेतूंचा केवढा तरी भाग दडलेला आहे. अरुंधती सासूला ‘आई’ म्हणते आणि सासऱ्यांना ‘अप्पा’. घटस्फोटानंतरही तिच्या तोंडी हेच शब्द राहतात. हिंदीत अहमदाबादच्या शाह घराण्यातील अनुपमेच्या तोंडी ‘बा’ आणि ‘बापूजी’ असेच टिकून राहतात. कायद्याने पतिपत्नीचे नाते संपते, परंतु सासूला ‘आई’ म्हणणे थांबवावे असा काही हुकूमनामा न्यायालय देत नाही. मग ही स्त्री त्या घराच्या उंबऱ्यावर पुन:पुन्हा येते ती कर्तव्याने, मायेने, मुलांसाठी, की आपल्यावाचून यांचे अडते हे सुख तिलाही सुटत नाही म्हणून? या शेवटच्या शक्यतेचा उच्चार मालिका कधी उघडपणे करीत नाही. घरात बसलेल्या स्त्रिया मात्र करतात, आणि कधीकधी फार परखडपणे करतात. त्यागाच्या पोटात सत्ता असते हे त्यांना कोणत्याही ग्रंथातून शिकावे लागलेले नसते. मराठी रूपात तर हा पेच दुहेरी आहे. जिच्या नावाने मालिका चालते तीही ‘आई’ आणि ती जिच्यापुढे मान खाली घालते तीही ‘आई’. काही न करणारी म्हणून जी हिणविली जाते ती नेमकी कोणती, असा प्रश्न पहिल्या काही महिन्यांतच पडावा.

प्रेक्षकाचा अर्थ आणि मालिकाकारांचा अर्थ यांत अंतर पडू नये म्हणून एके काळी दूरदर्शनने एक साधा उपाय योजला होता. १९८४-८५ मधील ‘हम लोग’ या मनोहर श्याम जोशी यांच्या मालिकेत प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार पडद्यावर येत आणि घडलेल्या प्रसंगांतून काय घ्यावे ते मिस्किलपणे सांगत. पात्रांच्या हेतूंचा असा अधिकृत भाष्यकार लाभलेली दुसरी मालिका चटकन आठवत नाही. परंतु त्याचाही उपयोग मर्यादितच झाला. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी या मालिकेचा जो अभ्यास केला त्यात असे दिसून आले की, भागवंती ही सोसणारी आई, जिचे अनुकरण होऊ नये म्हणून रंगविली होती, तिलाच कित्येक प्रेक्षकांनी आदर्श मानले. भाष्यकार समोर उभा असतानाही प्रेक्षकांनी आपले भाष्य सोडले नाही. हा काही अडाणीपणा म्हणता येणार नाही. भागवंतीचे सोसणे त्यांना आपल्या आईच्या सोसण्यासारखे वाटले, आणि आपली आई व्यर्थ सोसत होती हे मान्य करणे कोणालाही जड जाते. ‘आई कुठे काय करते!’ पाहणाऱ्या अनेक मुलग्यांची अडचणही हीच झाली असावी.

जब्बार पटेलांच्या १९८२ च्या ‘उंबरठा’त, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून आलेल्या कथेत, सुलभा महाजन घराबाहेर पडते. चित्रपट तेथे थांबतो, म्हणून तिचा हेतू अखंड राहतो. दुसऱ्या दिवशी तिला परत यावे लागत नाही, नणंदेच्या बारशाला जावे लागत नाही. अरुंधतीला सर्व करावे लागते. तिने गाणे पुन्हा हाती घेतले, आशुतोष केळकर या जुन्या मित्राशी विवाह केला, आणि पुढे २०२४ मध्ये कथेतून आशुतोषला मृत्यूने नेले. प्रत्येक वळणावर तिला घरोघरच्या न्यायासनापुढे उभे केले गेले. पंचविशी उलटलेल्या मुलांची आई लग्न करते ती कशासाठी, यावर महाराष्ट्रातल्या घरांत जेवढा खल झाला तेवढा एखाद्या कादंबरीवर होताना दिसत नाही. मृत्यूच्या त्या वळणावर मात्र मालिका सरळसरळ लबाडी करते. हेतू संपला की पात्राला मारावे, ही सोय कादंबरीकारांनीही वापरली आहे, पण ते निदान थोडी लाज बाळगत.

या साऱ्या चौकशीत एक गोष्ट नजरेतून सुटू नये. खटला सतत बाईवरच चालतो. ती का राहिली, का गेली, का परत आली, तिने लग्न का केले. अनिरुद्धने किंवा वनराजने जे केले ते का केले, हे कोणी फारसे विचारत नाही. पुरुषाचा हेतू ठाऊकच असतो अशी समजूत असते, आणि जे ठाऊक आहे त्याचा अर्थ लावण्याची गरज पडत नाही. त्याची चौकशी सुरू होते ती फक्त तो पश्चात्ताप करू लागल्यावर. तेथे मात्र प्रेक्षक कमालीचा सावध होतो. हा रडतो तो तिच्यासाठी की गरम पोळीसाठी, तिचे नाव झाले म्हणून की दुसरा पुरुष आला म्हणून? अनिरुद्ध आणि वनराज दोघेही पश्चात्तापाच्या उंबरठ्यावर येऊन इतक्या वेळा मागे फिरले की प्रेक्षकांचा विश्वास प्रत्येक वेळी थोडा थोडा खर्च होत गेला. मिलिंद गवळी यांनी अनिरुद्धच्या डोळ्यांत कधीकधी खरे भय दाखविले आहे, एकटे पडण्याचे. ते भय खरे मानावे की नाही यावर एकेका घरात दोन तट पडत. वनराजच्या बाबतीत तर पुरावा पुरता मांडून होण्याआधीच काम थांबले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुधांशु पांडे ‘अनुपमा’तून बाहेर पडले आणि त्यांच्याबरोबर वनराजही कथेतून निघून गेला.